वातावरणाचा उभा छेद कसा वाचावा? : कीड-स्थलांतर आणि फवारणीच्या दृष्टीने

मातीची पाहणी करताना आपण केवळ पृष्ठभाग पाहून थांबत नाही. खड्डा खणतो, त्याची एक भिंत साफ करतो आणि वरच्या सुपीक थरापासून खालच्या मुरमापर्यंत कोणता थर कोठे सुरू होतो व कोठे संपतो हे पाहतो. पिकाची मुळे कोठवर जातील आणि पाणी कोठे अडेल हे त्या उभ्या भिंतीवरूनच कळते. हवेच्या बाबतीत मात्र आपली सवय उलटी आहे. हवामानाचा सपाट नकाशा पाहून, किंवा शेतातल्या झाडाची पाने कोणत्या दिशेला हलतात एवढे पाहून, आपण वाऱ्याविषयी निष्कर्ष काढतो. हवेलाही थर असतात. तळातल्या थरात वारा पडलेला असताना तीनशे मीटर उंचीवर तो वेगाने वाहत असू शकतो. खाली पश्चिमेचा वारा असताना वर पूर्वेचा असू शकतो.

कीटकशास्त्राच्या दृष्टीने ही बाब गौण नाही. दूरचा प्रवास करणारी कीड बहुधा तळातल्या हवेत प्रवास करीत नाही, आणि फवारणीचा सूक्ष्म थेंब कोठे जाईल हे तळातल्या हवेच्या स्थिरतेवर अवलंबून असते. दोन्ही प्रश्नांची उत्तरे सपाट नकाशात नसतात. ती वातावरणाच्या उभ्या छेदात असतात. हा छेद म्हणजे काय, तो कसा वाचावा आणि विस्तार कार्यकर्त्याने त्याचा उपयोग कोठे करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उभा छेद म्हणजे काय?

हवामानाचा नेहमीचा नकाशा हा आडवा छेद असतो. एका ठरावीक पातळीवर, बहुधा समुद्रसपाटीवर, हवेचा दाब, तापमान व वारा यांची मांडणी त्यात दिसते. उभ्या छेदात आडव्या अक्षावर अंतर आणि उभ्या अक्षावर उंची घेतली जाते. एखाद्या रेषेवरील केंद्रांची निरीक्षणे शेजारी शेजारी मांडून त्यांमधून समान मूल्यांच्या रेषा काढल्या की त्या रेषेवर हवेची जणू भिंत उभी राहते.

याचा दुसरा प्रकार म्हणजे काल-छेद. त्यात आडव्या अक्षावर अंतराऐवजी वेळ असते. एकाच केंद्रावरची हवा पहाटेपासून रात्रीपर्यंत, किंवा आठवडाभर, कशी बदलत गेली हे त्यावरून कळते. स्थानिक निर्णयांसाठी हाच प्रकार अधिक उपयोगी पडतो.

या छेदांची मूळ सामग्री फुग्यांकडून मिळते. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निवडक केंद्रांवरून रेडिओसोंड हे उपकरण बांधलेले फुगे आकाशात सोडले जातात. त्यांची जगभर ठरलेली मुख्य निरीक्षण-वेळ भारतीय प्रमाणवेळेनुसार पहाटे साडेपाच व सायंकाळी साडेपाच ही आहे. फुगा वर चढत असताना दाब, तापमान व आर्द्रता यांच्या नोंदी पाठवतो आणि त्याच्या वाहत जाण्यावरून प्रत्येक उंचीवरचा वारा कळतो. आता संगणकीय प्रारूपांमुळे कोणत्याही दोन ठिकाणांमधला छेद काढता येतो, परंतु त्याचे वाचन करण्याची रीत तीच राहते.

वाचण्यापूर्वी लक्षात ठेवायच्या तीन गोष्टी

पहिली गोष्ट उंचीच्या मापनाची. उभ्या अक्षावर पुष्कळदा मीटरऐवजी हेक्टोपास्कलमध्ये दाब दिलेला असतो, कारण दाब उंचीबरोबर सतत घटत जातो. आपल्या अक्षांशांत ८५० हेक्टोपास्कल म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे दीड किलोमीटर, ७०० म्हणजे सुमारे तीन, ५०० म्हणजे सुमारे पावणेसहा आणि २०० म्हणजे सुमारे साडेबारा किलोमीटर, एवढा ढोबळ हिशेब पुरेसा आहे. कीटकांच्या हालचाली बहुतांशी खालच्या दोन किलोमीटरांतच होतात.

दुसरी गोष्ट उभ्या ताणाची. दोन हजार किलोमीटर अंतर वीस सेंटिमीटर रुंदीत दाखवायचे ठरले, तर त्याच प्रमाणात सोळा किलोमीटर उंची केवळ १.६ मिलिमीटर भरेल. म्हणून उंची मुद्दाम ताणून दाखवली जाते. तीच उंची सोळा सेंटिमीटरांत काढली तर ताण शंभर पट होतो, आणि कागदावर ४५ अंशांत चढणारी रेषा प्रत्यक्षात शंभर किलोमीटरांत एक किलोमीटर एवढीच चढत असते. छेदातील उतार डोळ्यांना जेवढे तीव्र दिसतात, तेवढे ते नसतात.

तिसरी गोष्ट वाऱ्याच्या खुणांची. छेदात काढलेला वाऱ्याचा बाण खालून वर किंवा वरून खाली जाणारा वारा दाखवत नाही. तो आडव्या वाऱ्याची दिशा दाखवतो, आणि कागदाची वरची बाजू तेव्हा उत्तर समजावी लागते. बाणावरील अर्धी रेघ ५ नॉट, पूर्ण रेघ १० नॉट आणि त्रिकोणी झेंडा ५० नॉट वेग दर्शवतो. ही खूण उभ्या प्रवाहाची समजली गेली तर पुढचे सारे वाचन चुकते.

विभव तापमान : थर ओळखण्याची किल्ली

हवा वर चढली की प्रसरण पावते आणि थंड होते. ढग न बनणाऱ्या हवेच्या बाबतीत हा दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंश सेल्सिअस आहे. त्यामुळे दोन वेगवेगळ्या उंचींवरील हवेची तुलना नुसत्या तापमानावरून करणे योग्य नव्हे. दोन्ही एकाच पातळीवर आणून मग त्यांची तुलना करावी लागते. वरची हवा तळाशी आणली असता तिचे जे तापमान होईल त्याला विभव तापमान म्हणतात. शास्त्रात ही तळपातळी १००० हेक्टोपास्कल मानतात. पुढील उदाहरणात सोयीसाठी जमीन हीच पातळी धरली आहे.

उत्तर भारताच्या मैदानातील रब्बी हंगामातला निरभ्र दिवस कल्पनेत घेऊ. वाचनाच्या सरावासाठी आकडे पुढीलप्रमाणे मानू. प्रत्येक जोडीत पहिले हवेचे तापमान आणि दुसरे विभव तापमान, दोन्ही अंश सेल्सिअसमध्ये आहेत.

| जमिनीपासून उंची (मीटर) | पहाटे ६ | दुपारी ३ |
|---|---|---|
| २००० | ९.० / २८.६ | ९.० / २८.६ |
| १५०० | १२.६ / २७.३ | १२.७ / २७.४ |
| १००० | १७.० / २६.८ | १७.६ / २७.४ |
| ५०० | २१.० / २५.९ | २२.५ / २७.४ |
| ३०० | २२.० / २४.९ | २४.५ / २७.४ |
| १०० | १७.० / १८.० | २६.४ / २७.४ |
| जमीन | १४.० / १४.० | २८.५ / २८.५ |

पहाटेचा स्तंभ खालून वर वाचावा. जमिनीवर १४ अंश आणि ३०० मीटरवर २२ अंश, म्हणजे वर जाताना हवा थंड होण्याऐवजी गरम होत आहे. हीच तापमानाची विपरीतता. जमिनीवरची हवा कोणी ३०० मीटर उचलली असे समजा. ती जवळपास ३ अंशांनी थंड होऊन ११ अंशांवर येईल. भोवतालची हवा २२ अंशांची असल्याने ही थंड, जड हवा पुन्हा खाली बसेल. खालचे वर जाणार नाही आणि वरचे खाली येणार नाही. तळावर झाकण बसल्यासारखी ही स्थिती असते.

दुपारचा स्तंभ पाहता चित्र पालटलेले दिसते. १०० पासून १५०० मीटरपर्यंत विभव तापमान एकच, २७.४ अंश आहे. याचा अर्थ एवढा सगळा थर ढवळून एकजीव झाला आहे. जमिनीलगत ते २८.५ आहे, म्हणून तापलेल्या जमिनीवरून हवेचे फुगारे सतत सुटत आहेत आणि ते दीड किलोमीटरपर्यंत चढत आहेत. २००० मीटरवर मात्र पहाट आणि दुपार यांत काही फरक नाही. जमिनीचे तापणे तेथवर पोहोचलेलेच नाही.

यावरून छेद वाचण्याचा नियम असा निघतो. विभव तापमानाच्या रेषा जेथे आडव्या आणि एकमेकींना चिकटून असतात तेथे हवा स्थिर असते आणि थर अभेद्य असतो. त्या जेथे दूर दूर किंवा जवळजवळ उभ्या असतात तेथे हवा ढवळलेली असते. आणि तळाशी जास्त व वर कमी असे मूल्य दिसले तर हवा अस्थिर असते. बाकीचे सारे तपशील या तीन ओळखींवर उभे राहतात.

तिरुवनंतपुरम ते दिल्ली : जुलैचा छेद

अंतराच्या छेदाचे उत्तम उदाहरण आपल्या देशातच आहे. तिरुवनंतपुरम, बेंगळुरू, हैदराबाद, नागपूर आणि दिल्ली ही शहरे साधारण एकाच रेखावृत्ताच्या आसपास आहेत. जुलै महिन्यात या रेषेवर उभा छेद घेतला तर मोसमी वाऱ्यांची सारी रचना एका चित्रात येते.

दक्षिणेच्या द्वीपकल्पावर सुमारे दीड किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून येणाऱ्या जोरदार वाऱ्याचा गाभा दिसतो. द्वीपकल्पावरील हा खालच्या पातळीवरचा झोतवारा पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन यांनी १९६६ मध्ये दाखवून दिला. त्याच अक्षांशांवर नजर वर नेली तर सुमारे १४ ते १६ किलोमीटरांवर नेमका उलटा, पूर्वेकडून येणारा झोतवारा आढळतो. त्याचे वर्णन पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये केले. एकाच गावाच्या डोक्यावर एकमेकांविरुद्ध दोन प्रवाह आहेत आणि जमिनीवरच्या माणसाला त्यांतला एकच जाणवतो.

उत्तरेकडे गेल्यावर मोसमी पावसाचा न्यूनदाबाचा पट्टा येतो. जमिनीवर तो गंगेच्या मैदानात असतो. उंची वाढते तसा तो दक्षिणेकडे झुकत जातो, आणि साडेपाच-सहा किलोमीटरवर जमिनीवरच्या स्थानापासून काही अंश दक्षिणेला सापडतो. छेदात ही तिरकी रेषा स्पष्ट दिसते. मुख्य पाऊस जमिनीवरील पट्ट्याच्या बरोबर वर न पडता त्याच्या दक्षिणेला का पडतो, याचा उलगडा या झुकण्यातून होतो.

पश्चिम राजस्थानचे उदाहरण याहून बोलके आहे. जमिनीवरच्या नकाशात तेथे जुलैमध्ये न्यूनदाब असतो आणि खाली दमट वाराही पोहोचलेला असतो, तरी पाऊस थोडाच पडतो. जे. एस. सॉयर यांनी १९४७ मध्ये वायव्य भारतावरील हवेच्या रचनेचा अभ्यास करून दाखवले की तेथे मोसमी वाऱ्याचा दमट थर उथळ असतो आणि त्यावर पश्चिमेकडून आलेली उष्ण, कोरडी हवा पसरलेली असते. दमट हवा वर चढू पाहते आणि त्या कोरड्या थराखाली अडते. आडव्या नकाशावरून पावसाची अपेक्षा करावी आणि उभ्या छेदाने तिचे खंडन करावे, असे हे उदाहरण आहे.

कीटक कोणत्या थरात असतात?

हवेत उंचावर कीटक असतात ही गोष्ट जुनीच सिद्ध झालेली आहे. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात टॅलुला येथे पी. ए. ग्लिक यांनी १९२६ पासून काही वर्षे विमानाला सापळे लावून वेगवेगळ्या उंचींवरचे कीटक पकडले. पुढे १९६८ मध्ये जी. डब्ल्यू. शेफर यांनी नायजर देशात खास कीटकांसाठी बनवलेले रडार वापरले, आणि रात्रीच्या हवेतील कीटकांचे काल-छेद प्रथमच डोळ्यांसमोर आले. दक्षिण इंग्लंडवरील रडार-निरीक्षणांच्या आधारे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्या एवढ्याशा प्रदेशावरून वर्षाला सुमारे साडेतीन लाख कोटी कीटक उंचावरून ये-जा करतात आणि त्यांचे एकत्रित वजन ३,२०० टन भरते, असा अंदाज मांडला गेला.

रडारने दाखवलेली महत्त्वाची बाब अशी की रात्री हे कीटक हवेत सर्वत्र विखुरलेले नसतात. त्यांचे थर बनतात, आणि हे थर पुष्कळदा विपरीततेच्या माथ्याजवळ असतात. आपल्या तक्त्यातील पहाटेचा स्तंभ पुन्हा पाहिला तर कारण उघड होते. जमिनीवर १४ अंशांत पुष्कळ पतंगांचे पंख नीट चालणार नाहीत. ३०० मीटरवर २२ अंश आहेत. शिवाय सूर्यास्तानंतर जमिनीच्या घर्षणाचा धाक सुटल्याने त्याच उंचीवर वारा वाढतो, तळाशी मात्र तो पडलेला असतो. समजा तेथे वाऱ्याचा वेग सेकंदाला १२ मीटर आहे. आठ तास केवळ वाऱ्याबरोबर राहिलेला पतंग सुमारे ३४५ किलोमीटर दूर जाईल. त्या रात्री शेतात दिवा धरून उभा असलेला माणूस मात्र शपथेवर सांगेल की वारा मुळीच नव्हता.

एल. आर. टेलर यांनी याच संदर्भात कीटकाच्या उड्डाण-सीमाथराची कल्पना मांडली. जमिनीलगतच्या ज्या थरात वाऱ्याचा वेग कीटकाच्या स्वतःच्या वेगापेक्षा कमी असतो, तेथे कीटक आपल्या इच्छेनुसार दिशा ठरवतो. त्यावर गेला की दिशा मुख्यत्वे वारा ठरवतो. मावा स्वतः सेकंदाला जेमतेम एक मीटर उडतो, म्हणून त्याचा हा थर अगदी पातळ असतो. टोळाचा किंवा मोठ्या पतंगाचा तो बराच जाड असतो.

भाताच्या तपकिरी तुडतुड्यांचे उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. ही कीड जपानच्या थंडीत टिकत नाही, तरी दरवर्षी जून-जुलैमध्ये तेथील भातखाचरांत ती नव्याने दिसते. जुलै १९६७ मध्ये जपानच्या दक्षिणेस भर समुद्रात असलेल्या हवामान-निरीक्षण जहाजावर तुडतुड्यांचे थवे उतरले आणि ते समुद्रावरून येतात याचा पुरावा मिळाला. पुढे त्यांच्या आगमनाचा संबंध ८५० हेक्टोपास्कलच्या आसपास वाहणाऱ्या नैऋत्येकडील झोतवाऱ्याशी जोडला गेला. तुडतुड्यांचे उड्डाण १६ ते १७ अंशांखाली मंदावते, म्हणून छेदातील तेवढ्याच तापमानाची रेषा हे त्यांच्या उड्डाणाचे छत मानले जाते. आपल्याकडेही १९९० च्या दशकात पश्चिम बंगालमध्ये हवेत उंच धरलेल्या जाळ्यांनी मावा आणि इतर सूक्ष्म कीटकांच्या वाऱ्यावरील प्रवासाचा अभ्यास झाला आहे.

छेदाशिवाय सुटत नाही असे कोडे चतुराचे आहे. पॅन्टाला फ्लॅव्हेसेन्स या जातीचे चतुर ऑक्टोबरमध्ये मालदीव बेटांवर मोठ्या संख्येने येतात. ते भारताच्या बाजूने येत असावेत, परंतु त्या दिवसांत तेथे जमिनीवर वारा पश्चिमेचा असतो. चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये याचे स्पष्टीकरण मांडले. दोन गोलार्धांतील वारे जेथे एकत्र येतात तो अभिसरण पट्टा उंचीबरोबर तिरका झुकलेला असतो. त्यामुळे खाली पश्चिमेचा वारा असतानाच एक किलोमीटरच्या वर ईशान्येचा वारा सुरू झालेला असतो, आणि चतुर त्या वरच्या वाऱ्याने येतात. सपाट नकाशावर हे चतुर वाऱ्याविरुद्ध शेकडो किलोमीटर आल्यासारखे दिसतील. छेदात पाहिले तर ते वाऱ्याबरोबरच येत असतात.

टोळधाड : दिवसा चढणारा थर

वाळवंटी टोळांचे थवे दिवसा उडतात, म्हणून त्यांच्यासाठी दुपारचा स्तंभ महत्त्वाचा ठरतो. सकाळी ऊन लागून शरीर तापल्यावर थवा उठतो आणि सायंकाळपूर्वी बसतो. हवा थंड आणि आकाश अभ्राच्छादित असेल तर थवा जमिनीला धरून, चादरीसारखा पसरून जातो. ऊन तापून हवेचे फुगारे सुटू लागले की तोच थवा ढगासारखा वर चढतो. जमिनीपासून सुमारे १,८०० मीटरपर्यंत थवे आढळलेले आहेत, आणि एका दिवसात ते ५ ते १३० किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक अंतर कापतात.

ढोबळ हिशेब करून पाहावा. मे महिन्यात राजस्थानात जमिनीवर ४० अंश असताना, दर किलोमीटरला ९.८ अंशांच्या हिशेबाने १,८०० मीटरवर सुमारे २२ अंश तापमान असेल. एवढ्या उबेत टोळ उडू शकतो. जमिनीवर २८ अंश असेल तर तेच २२ अंश सहाशे मीटरवरच येतात. म्हणजे ऋतू बदलला की टोळांचे छत बदलते, आणि छत बदलले की त्यांना वाहून नेणारा वाराही बदलतो.

एप्रिल २०२० मध्ये राजस्थानात शिरलेले थवे मेच्या अखेरीस जयपूर, मध्य प्रदेश आणि विदर्भातील अमरावती व नागपूर जिल्ह्यांपर्यंत आले. वाळवंटात हिरवा चारा नव्हता आणि पश्चिमेकडील वारे जोरात होते. अशा वेळी थवा उद्या कोठे जाईल याचा अंदाज बांधताना शेतातल्या वातकुक्कुटापेक्षा ८५० हेक्टोपास्कलच्या आसपासचा दुपारचा वारा पाहणे अधिक उपयुक्त असते. गावोगावी सूचना देणाऱ्या कार्यकर्त्याच्या दृष्टीने या दोन वाऱ्यांतला फरक म्हणजे योग्य तालुक्याला सावध करणे आणि चुकीच्या तालुक्याला जागे ठेवणे यांतला फरक आहे.

फवारणी : तळातले शंभर मीटर

फवारणीच्या थेंबाला छेदाचा सर्वांत खालचा भाग पुरेसा असतो. १०० मायक्रॉन व्यासाचा पाण्याचा थेंब स्थिर हवेत सेकंदाला सुमारे पाव मीटर वेगाने पडतो, म्हणजे तीन मीटरवरून खाली यायला त्याला सुमारे १२ सेकंद लागतात. ५० मायक्रॉनच्या थेंबाला सुमारे ४० सेकंद, तर २० मायक्रॉनच्या थेंबाला चार मिनिटांहून अधिक वेळ लागतो. सेकंदाला एक मीटर एवढी मंद झुळूक असली तरी हे थेंब अनुक्रमे सुमारे १२, ४० आणि २५० मीटर दूर जातील. वाटेत बाष्पीभवनाने ते आणखी बारीक होतात, ते वेगळेच.

आता पहाटेची विपरीतता आठवावी. वारा पडलेला, हवा शांत, म्हणून फवारणीस ही वेळ उत्तम असा सर्वसाधारण समज आहे. मोठे थेंब पिकावर बसतात हे खरे. बारीक थेंब मात्र झाकणाखाली अडकून राहतात. ते वर जाऊन विरळ होत नाहीत आणि खालीही बसत नाहीत. थंड हवा उताराने जशी हळूहळू सरकते तसे दाट धुक्याप्रमाणे तेही सरकतात, आणि शेजारच्या तुतीच्या मळ्यावर, मधमाश्यांच्या पेट्यांवर किंवा वस्तीवर जाऊन पोहोचतात. दुपारी याच्या उलट घडते. फुगारे थेंबांना वर उचलून नेतात आणि औषध पिकाला लागतच नाही.

टोळ-नियंत्रणात अतिअल्प घनफळाची फवारणी करताना साधारण सकाळी ८ ते ११ आणि प्रसंगी दुपारी ४ नंतरची वेळ योग्य मानली जाते, आणि सेकंदाला किमान २ मीटर तरी स्थिर वारा हवा असे सांगितले जाते, ते याच कारणाने. विपरीतता विरलेली असावी आणि फुगारे अजून जोरात सुटलेले नसावेत, अशी ती मधली वेळ असते. नेहमीच्या पिकांवरील फवारणीत औषधाच्या लेबलवरील वाऱ्याची मर्यादा व स्थानिक शिफारस पाळावीच. पण वेळ ठरवण्यामागचा विचार हाच ठेवावा. ड्रोनने फवारणी करताना थेंब तुलनेने बारीक असतात आणि सोडण्याची उंचीही जास्त असते, म्हणून ही काळजी तेथे अधिक घ्यावी लागते.

छेदाच्या मर्यादा

फुगे सोडणारी केंद्रे एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर असतात. त्यांच्यामधली रेषा ही अनुमानाने काढलेली असते. दोन केंद्रांमधला डोंगर, तलाव किंवा ओलिताचा पट्टा तीत दिसेलच असे नाही. केवळ ठरावीक दाबाच्या पातळ्यांवरची मूल्ये घेऊन काढलेल्या छेदात जमिनीलगतची दोन-तीनशे मीटरची विपरीतता पूर्णपणे हरवू शकते. छेद कोणत्या दिशेने घेतला यालाही महत्त्व आहे. न्यूनदाबाच्या पट्ट्याला आडवा छेद घेतला तर त्याचे झुकणे दिसते. पट्ट्याच्या लांबीने घेतला तर काहीच दिसत नाही. शिवाय हवेचा छेद हवेची वाट दाखवतो. त्या वाटेने कीड येईलच असे तो सांगत नाही. उगमाच्या प्रदेशात कीड उठण्याच्या अवस्थेत आहे काय आणि वाटेत तिला खाली उतरवणारा पाऊस आहे काय, हे स्वतंत्रपणे पाहावे लागते. कामगंध सापळे, प्रकाश सापळे आणि शेतपाहणी यांची जागा छेद घेऊ शकत नाही. सापळ्यात अचानक वाढलेली संख्या स्थानिक की बाहेरून आलेली, हे ठरवण्यास मात्र तो मदत करतो.

आपल्या शिवाराचा काल-छेद

हा अभ्यास प्रत्येक विस्तार केंद्राला अल्प खर्चात करता येईल. एका मोकळ्या जागी तीन मीटरचा खांब रोवावा. त्यावर जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर आणि अडीच मीटरवर एकसारखे दोन तापमापक सावलीची टोपी घालून बसवावेत. प्रथम दोन्ही शेजारी ठेवून त्यांच्यातला मूळ फरक नोंदवून घ्यावा. मग पहाटे पाचपासून सकाळी अकरापर्यंत आणि दुपारी चारपासून रात्री आठपर्यंत दर अर्ध्या तासाने दोन्ही आकडे लिहावेत. वरचा तापमापक खालच्यापेक्षा अधिक तापमान दाखवत असेल तोवर विपरीतता आहे असे समजावे. सोबत थोडा धूर करून पाहावा. धूर काही मीटर चढून आडवा पसरला तर झाकण बसलेले आहे. तो हलत-डुलत पण एका दिशेने जाऊन विरला तर वेळ अनुकूल आहे. गटागटाने उसळून वर गेला तर फुगारे सुरू झाले आहेत.

आलेखाच्या कागदावर आडवी वेळ आणि उभी उंची घेऊन हे आकडे मांडले की आपल्या शिवाराचा काल-छेद तयार होतो. रब्बीतील निरभ्र आठवड्यात आणि पावसाळ्यातील ढगाळ आठवड्यात असे दोन छेद काढून शेजारी ठेवावेत. झाकण किती वाजता सुटते, यात ऋतूनुसार आणि आकाशानुसार किती फरक पडतो, हे तेथील शेतकऱ्यांना त्यांच्याच शेतातल्या आकड्यांवरून दाखवता येईल. कृषी हवामान पत्रिका आणि मेघदूत अॅप यांतून मिळणारा वाऱ्याचा अंदाज जमिनीलगतचा असतो, तो या छेदाच्या जोडीने वाचावा. टोळ, तुडतुडे किंवा लष्करी अळीचे पतंग यांच्या आगमनाचा इशारा असेल तेव्हा ८५० हेक्टोपास्कलच्या वाऱ्याची विचारणा आपल्या भागाच्या कृषी हवामान केंद्राकडे आवर्जून करावी.

माती परीक्षणाशिवाय खताची मात्रा ठरवू नये, हा सल्ला आपण शेतकऱ्यांना अनेक वर्षे देत आलो आहोत आणि तो आता रुजलाही आहे. फवारणीची वेळ आणि किडीच्या आगमनाचा इशारा यांबाबतही हवेचे थर पाहूनच निर्णय घेण्याची शिस्त तशीच रुजवावी लागेल. त्याची सुरुवात दोन तापमापक, एक खांब आणि आलेखाचा एक कागद एवढ्या सामग्रीवर याच हंगामात करता येईल.